पंखाला दोन बोटं मार्जिन

हैदराबादला मी आजवर चार वेळा गेले. पहिल्यांदा ताईच्या बाळंतपणाला, दुसऱ्यांदा तिच्या घराच्या वास्तुशांतीला, तिसऱ्यांदा भाऊजींच्या मोतीबिंदूला. चौथ्यांदा गेले ती विमान शिवायला.

सोलापुरात हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या चष्म्याच्या नंबराकडे. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. शाळेच्या मुली जिम्नॅस्टिकच्या स्पर्धांना जायच्या, त्यांचे अंगाला घट्ट बसणारे, ताणाच्या कापडाचे पोशाख मीच शिवायची. मुलगी कमान टाको की कोलांटी मारो, पोशाखाला चुणी पडता कामा नये आणि टीप उसवता कामा नये. ताईची मुलगी मुक्ता सुट्टीत आमच्याकडे आली की माझ्या मशीनखाली बसून त्या कापडाच्या चिंध्या ताणून ताणून बघायची. पुढे ती इंजिनिअर झाली, हैदराबादच्या एका सरकारी खात्यात कंत्राटावर लागली, आणि चिंध्या विसरली असेल असं मला वाटत होतं.

मे महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, तुझ्या त्या ड्रेसच्या कापडाला चुण्या कशा पडायच्या नाहीत? मला अर्जंट पाहिजे."

"कोणाला घालायचाय?"

"विमानाला."

मी म्हटलं, मापं पाठव. ती म्हणाली, मापं फोनवर कळायची नाहीत, तूच ये. त्या वर्षी तिकडे राज्याची दोन राज्यं व्हायची होती, तारीखसुद्धा ठरून गेली होती. सोलापुरात जो तो म्हणायचा, आता कशाला जाताय, सगळा गोंधळ असेल. पण शिवणकाम येतं म्हणून कोणी परराज्यात बोलावलंय, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी आपली कात्री, कापडी टेप आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन गाडीत बसले.

नामपल्ली, सोमवार

नामपल्ली स्टेशनवर भाऊजी घ्यायला आले होते. भाऊजी वकील. त्यांचे वडील वकील, आजोबा निजामाच्या काळातले वकील. त्यामुळे घरात वरणाला मीठ कमी पडलं तरी ते "मुद्दा असा आहे" म्हणून सुरुवात करतात. रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी मला राज्याच्या विभाजनाच्या कायद्यातली कलमं सांगायला घेतली. हिमायतनगर येईपर्यंत माझ्या लक्षात एवढंच राहिलं की नदीचं पाणी वाटणं सोपं, पण कचेरीतल्या खुर्च्या वाटणं अवघड.

ताईने नाश्त्याला खिचडी केली होती. आमच्याकडे खिचडी म्हणजे एक तर कोणी आजारी किंवा बाईला स्वयंपाकाचा कंटाळा, आणि तीही रात्री. इथे सकाळी नऊ वाजता खिचडी, वर चिंचेचं आंबट पाणी, त्याला म्हणायचं खट्टा, आणि सोबत पापड. मी ताईला विचारलं, "कोणाला बरं नाही का?" ती म्हणाली, "चाळीस वर्षं झाली मला इथे, अजून तू हेच विचारतेस." मी दोनदा मागून घेतली. शेंगाची चटणी मात्र तिने लगेच कपाटात, जिथे दागिने ठेवतात तिथे, ठेवून दिली.

मुक्ताची मराठी ऐकायला मला फार आवडते. तिच्यात थोडी उर्दू, थोडी तेलुगू आणि उरलेली इंग्रजी असते. बोलते सगळं, पण वाचायचं म्हटलं की जोडाक्षरापाशी येऊन थांबते, एखाद्या घाटात गाडी थांबावी तशी. मी रागावले की म्हणते, "मावशी, परेशान नको होऊ, मी इन्शाल्ला शिकते की." असं ती गेली पंधरा वर्षं शिकते आहे.

कचेरी, सोमवार दुपार

मुक्ताच्या कचेरीत शिरले आणि मला वाटलं, कोणाच्या तरी घरी वाटण्या चालल्यात. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवलेली. निळी चिठ्ठी म्हणजे वस्तू इथेच राहणार, पांढरी म्हणजे तिकडच्या राज्यात जाणार. पंख्यावर निळी, पंख्याच्या बटणावर पांढरी. पाण्याच्या माठावर निळी आणि त्याच्या झाकणावर पांढरी. चहाच्या किटलीवर दोन्ही होत्या. तिचा वाद वरपर्यंत गेला होता म्हणे.

तिथे मुक्ताचे साहेब भेटले, राव सर. समुद्रकाठच्या गावचे, शांत, पन्नाशीचे. खात्यात तेवीस वर्षं इथेच काढलेली, आणि आता बदली होऊन 'आपल्या' राज्यात जायचं होतं, जिथे त्यांचं म्हणावं असं फक्त वडिलांचं जुनं घर होतं. मला बघून त्यांनी हात जोडले आणि आपल्या 'जी'सारखं तेलुगू 'गारू' लावून म्हणाले, "टीचरगारू, हमारा सब काम हो गया. सिर्फ कपडा हमारी बात नहीं मानता."

विमान टेबलावर ठेवलं होतं. आत माणूस बसत नाही, खालून रिमोटवर चालवायचं. शहराभोवतीच्या तळ्यांवर फिरून फोटो काढायचे, कुठल्या तळ्यात कोणी भराव टाकून घर बांधतंय ते बघायचं, एवढंच त्याचं काम. अंग लहान बाळाएवढं, पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच मीटर. साध्या विमानाच्या पंखाला मागच्या कडेला एक फळी असते, ती बिजागरीवर वरखाली होते. मुक्ताच्या पंखाला फळी नव्हती आणि बिजागरीही नव्हती. पंखाचा मागचा भाग आतल्या लवचीक फासळ्यांसकट सबंध वाकायचा. तळ्यावर सावकाश फिरायचं तेव्हा पंखाला बाक द्यायचा, आणि बॅटरी संपायच्या आत घरी पोचायचं तेव्हा सपाट करायचा.

मी म्हटलं, "म्हणजे शेतात ओचा खोचून काम करायचं आणि देवळात जाताना सोडायचा. लुगडं तेच."

"हौ मावशी, एक्झॅक्टली!" असं म्हणून ती हे राव सरांना हिंदीत सांगायला गेली. ओच्यापाशी अडली, स्वतःच्या जीन्सकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

अडचण होती ती पंखाच्या कातड्याची, म्हणजे फासळ्यांवर बसवायच्या कापडाची. पंख वाकला की वरचं कापड ताणलं जायचं आणि खालचं सैल पडून चुण्या यायच्या. चुण्यांत वारा अडतो, विमान डळमळतं. गोंदाने चिकटवलं तर निघायचं, शिवलं तर टिपेपाशी गोळा व्हायचं. मी कापड हातात घेतलं, दोन्ही अंगांनी ताणून पाहिलं. कापड चांगलं होतं, शिवणारे इंजिनिअर होते. आधीच ताणून ठेवून, ताणलेल्या स्थितीतच शिवायला हवं होतं, हे आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलीनेही सांगितलं असतं. मी तसं बोलूनही दाखवलं. राव सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

घरी येताना मुक्ताने मला खरी गोष्ट सांगितली. शनिवारी दुपारी वाटणीची मंडळी यायची होती. नियम असा की जे चालतं ते यादीत चढणार, जे चालत नाही ते बाद होऊन कोठीत कुलूपबंद होणार आणि ते कामही बंद होणार. विमानाचं काम राव सरांच्या नावावर होतं, त्यामुळे यादीत चढलं की ते त्यांच्याबरोबर तिकडे जाणार. मुक्ता इथली, ती इथेच राहणार.

"म्हणजे नाही उडालं तर कोठीत, आणि उडालं तर तुझ्या हातून गेलं?"

"हौ."

"मग दोन वर्षं एवढा जीव कशाला काढलास?"

तिने रिक्षाच्या बाहेर बघितलं. "कोठीत सडलं तर ते कोणाचंच नाही मावशी. उडालं तर कोणाचं तरी आहे. मला ते उडालेलं पाहिजे."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी चिंधी तुटेपर्यंत ताणणारी हीच पोरगी, हे मला पटायला वेळ लागला.

आबिड्सच्या मागची गल्ली, मंगळवार-बुधवार

दोन पंख, दोन दिवस आणि शिवणारी मी एकटी. म्हणून भाऊजींनी त्यांच्या शेरवानीवाल्याकडे नेलं. आबिड्सच्या मागे एका गल्लीत ख्वाजा मियाँचं दुकान आहे. सत्तरीचे, पांढरी दाढी, गळ्यात टेप. दुकान अकराला उघडतं असं पाटीवर लिहिलेलं; आम्ही साडेदहाला जाऊन उभे, तर समोरचा चहावाला म्हणाला, अकरा म्हणजे साडेबारा. आमच्या सोलापुरात साडेबाराला लोक जेवून आडवे होतात. इथे दिवसाची सुरुवातच इतकी निवांत की मला वाटलं, या राज्याचे दोन तुकडे करायलाही कोणी तरी अकराची वेळ दिली असेल आणि लोक बाराला येतील.

मियाँ आले, त्यांनी आधी सगळ्यांना चहा पाजला, त्यासोबत तिथली खारट-गोड बिस्किटं दिली, आणि मग विचारलं, काय शिवायचंय. मुक्ताने फासळ्यांचा सांगाडा टेबलावर ठेवला. मियाँनी तो नवरदेवाच्या खांद्याकडे बघावं तसा बघितला.

"आपा, मैं पचास बरस से शेरवान्याँ सी रौं. ऐसा दुबला दूल्हा नई देखा."

काम वाटून घेतलं. डावा पंख माझा, उजवा त्यांचा. मुक्ताने दोघांना एकच गोष्ट तीनदा बजावली. वरचं आणि खालचं कापड मागच्या कडेला जिथे जोडायचं तिथे टिपेच्या आत जास्तीचं कापड अजिबात ठेवायचं नाही. "झिरो मार्जिन. एक धागा पण जास्त नको. मावशी, समजलं ना? मियाँ, आप बी समझे ना?"

"समजलं," मी म्हटलं.

"हौ बिटिया," मियाँ म्हणाले.

आता इथे मी काय केलं ते सांगूनच टाकते. मी दोन बोटं मार्जिन ठेवलं. मुद्दाम नाही, पण अनवधानाने म्हटलं तर तेही खोटं ठरेल. तीस वर्षं मी मुलींना एकच शिकवलं, वाढत्या अंगाचं शिवायचं. कापड एकदा येतं, मूल रोज वाढतं. आत कापड असेल तर पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतं. टिपेच्या कडेने कात्री लावायची वेळ आली तेव्हा माझा हात आपोआप दोन बोटं बाहेर गेला. ते माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांच्या मेहनतीचं पोरीचं काम, पुढे मागे कापड सैल करावं लागलं तर? आत लपेल, कोणाला दिसतंय. मी कापड आत दुमडलं आणि वरून टीप घातली. टीप इतकी सुरेख आली की मियाँनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, "सुबहानल्ला."

बुधवारी संध्याकाळी दोन्ही पंख सांगाड्यावर चढले. मुक्ताने दहा वेळा ते वाकवून आणि सरळ करून बघितले. एक चुणी नाही. तिने माझ्या गळ्यात हात टाकला, आणि मी ते कौतुक निमूटपणे घेतलं.

कोरडं तळं, गुरुवार

शहराबाहेर एक आटलेलं तळं आहे, तिथे चाचणी. उन्हाच्या आधी, सकाळी सहाला गेलो. ख्वाजा मियाँ आले होते, अकराच्या आत उठून, इस्त्रीचा पायजमा घालून, डोक्यावर टोपी. राव सरांच्या हातात रिमोट. मुक्ताने विमान दोन्ही हातांनी उचललं, पाच-सात पावलं पळाली आणि सोडून दिलं.

ते वर गेलं. काय सांगू तुम्हाला, माझ्या हातची टीप आभाळात जाताना बघून माझा ऊर भरून आला. मियाँ शेजारी उभे राहून पुटपुटत होते. दोन घिरट्या झाल्या. राव सरांनी पंखाला बाक दिला, विमान संथ झालं. परत सपाट, परत बाक. चौथ्या-पाचव्या वेळी ते डावीकडे कलंडलं. राव सरांनी सावरलं, पुन्हा कलंडलं, आणि भेगाळलेल्या तळ्यात नाकावर आलं.

आम्ही सगळे धावलो. नाक चेपलं होतं, पुढचं पातं तुटलं होतं, अंगाला एक तडा गेला होता. पंख तेवढे शाबूत. मुक्ताने डावा पंख हाताने वाकवून बघितला, तर तो नीट वाकला. "म्हणजे पंख ठीक आहे," ती म्हणाली. "माझं कॅल्क्युलेशन चुकलं."

मी पंख उचलायला मदत केली आणि मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. टिपेच्या आत, टोकाच्या फासळीजवळ, एक गाठ लागली. माझं मार्जिन आत सरकून, गोळा होऊन फासळीच्या टोकाशी अडकलं होतं आणि पडताना सुटलं होतं. डावा पंख हवेत पुरता वाकलाच नव्हता. हे त्या मैदानात एकट्या माझ्या अंगठ्याला कळलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. ज्या मुलींना चुकलेल्या टिपेसाठी मी हातावर पट्टी मारली, त्या सगळ्या रांगेत उभ्या राहून बघतायत असं वाटलं. दुपारी मुक्ताने राव सरांना लिहून दिलं की चूक आपल्या हिशोबाची आहे. संध्याकाळभर ती आकडे मांडत बसली आणि मी तिला बंगनपल्ली आंबे कापून देत राहिले. आंबा बरा होता. हापूसशी तुलना मी मनातल्या मनातही केली नाही, एवढी माझी अवस्था वाईट होती.

हिमायतनगर, शुक्रवार

तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून मी पहाटे उठून चिठ्ठी लिहिली. स्वच्छ अक्षरात, सगळं कबूल करून. चिठ्ठी मुक्ताच्या चहाच्या कपाखाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन ताईबरोबर कोथिंबीर निवडायला लागले.

माझ्यासारख्या मास्तरणीला एक गोष्ट आठवायला हवी होती. मुक्ताने चिठ्ठी उचलली, पहिल्या ओळीतल्या जोडाक्षरापाशी थांबली, आणि शेजारी पेपर वाचत बसलेल्या भाऊजींच्या हातात दिली. "पप्पा, मावशीने काय तरी लिहिलंय. वाचा ना."

भाऊजींनी चष्मा सारखा केला. पन्नास वर्षं कोर्टात कबुलीजबाब वाचणारा माणूस. आवाज तिसऱ्या मजल्यावर जातो.

"'चिरंजीव मुक्तास, अनेक आशीर्वाद. विमान पडले, यात तुझी चूक नाही. मी सांगितल्याविरुद्ध डाव्या पंखात दोन बोटे मार्जिन ठेवले.' दोन बोटे, हे लक्षात घ्या. 'हे मी जाणूनबुजून केले नाही, पण कळल्यावर थांबलेही नाही.'" इथे त्यांनी चष्म्यावरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मुद्दा असा आहे की हा कबुलीजबाब स्वखुशीने दिलेला दिसतो. खाली सही आहे. तारीख नाही."

"अहो, पुरे की!" ताई ओरडली.

मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बाहेर आले. मुक्ता हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "मी काल सरांना लिहून दिलं, मावशी," ती हळू म्हणाली. "माझी चूक म्हणून. त्यांनी काही विचारलं पण नाही. चेहरा असा झाला त्यांचा. आणि तुला माहीत होतं."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. "चुकले," मी म्हटलं. "विमान शिवताना चुकले ते एक, आणि काल गप्प बसले ते दुसरं. दुसरं जास्त वाईट आहे."

ती उठली, चहा तसाच टाकून आत गेली. कपडे बदलून आली आणि दारात उभी राहिली. "कात्री घे," म्हणाली. "उद्या सकाळी उडवायचंय."

कचेरीत तिने आधी राव सरांना सांगितलं. राव सर माझ्याकडे वळून म्हणाले, त्यांच्या आईने त्यांच्या शाळेच्या चड्डीला इतकं मार्जिन ठेवलं होतं की ती नववीपर्यंत पुरली. "मेरा हाइट उतना बढा ही नहीं, टीचरगारू," ते खेदाने म्हणाले. मुक्ता तेव्हा पहिल्यांदा हसली.

नाक आणि पातं दुरुस्त करायचं राव सरांनी अंगावर घेतलं आणि आम्ही आबिड्सला गेलो. डावा पंख उसवला, तर दोन बोटं कापड बाहेर आलं, चुरगळलेलं. मी ते कापलं. उजवा पंख तपासायचं कारण नव्हतं, पण ख्वाजा मियाँ मगापासून फार शांत होते. नुसतेच खडूचे तुकडे एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत होते.

मुक्ताने कमरेवर हात ठेवले. "मियाँ?"

"क्या बिटिया?"

"सच बोलो."

मियाँनी डबी बंद केली. "एक उंगल," ते म्हणाले. "आपा के सरीका दो नई. एकइच उंगल. आदत है बिटिया, कपडा काटते वखत हाथ डरता."

उजवा पंखही उसवला. मी आणि मियाँनी शेजारी शेजारी बसून पुन्हा शिवले, आणि मुक्ता दोघांच्या मध्ये स्टुलावर बसून, हातात पट्टी घेऊन, प्रत्येक टीप बघत राहिली. आमच्या शाळेत मी अशीच बसत असे. तीस वर्षांत मुलींना माझा किती राग येत असेल, ते मला त्या दिवशी समजलं.

पुन्हा तळं, शनिवार

शनिवारी ते उडालं. बाक, सपाट, बाक, सपाट, मी मोजत होते, वीस झाल्यावर मोजायचं सोडलं. तळ्याच्या पलीकडच्या बाभळींवर ते इतकं संथ फिरलं की खालची बकऱ्या राखणारी म्हातारी मान वर करून बघत राहिली. मग राव सरांनी पंख सपाट केले आणि ते सरळ आमच्याकडे आलं, उतरलं, आणि धुळीत थोडं घसरून थांबलं. मियाँनी माझ्याशी हात मिळवायला हात पुढे केला, मग संकोचून छातीवर ठेवला. मुक्ता जमिनीवर बसली होती. राव सर तिच्याजवळ गेले आणि तेलुगूत काही म्हणाले. मला सोलापुरी तेलुगू थोडी कळते. ते म्हणाले, "तू माझ्या कचेरीचं नाव राखलंस, तल्ली." तल्ली म्हणजे आई, लाडक्या लेकीलाही तेच म्हणतात. ज्या कचेरीला आता नावच उरणार नव्हतं, तिच्याबद्दल बोलत होते ते.

दुपारी वाटणीची मंडळी आली. दुपारी दोनची वेळ, आली चारला. मला नवल वाटलं नाही. त्यांनी विमानाचा फोटो काढला, यादीत लिहिलं आणि नाकावर पांढरी चिठ्ठी चिकटवली. पाच मिनिटांत झालं. किटलीचं मात्र त्या दिवशीही काही ठरलं नाही.

विमानाची पेटी मुक्ताने स्वतःच भरली. अंग मध्ये, पंख दोन कप्प्यांत, भोवती थर्माकोल. राव सर यादी हातात घेऊन एकेका वस्तूवर खूण करत होते. सगळं झाल्यावर मुक्ता कपाटाकडे गेली आणि ताणाच्या कापडाचं उरलेलं थान घेऊन आली. टेबलावर पसरलं, पंखाच्या लांबीइतकं मोजलं, खडूने रेघ मारली. कात्री रेघेवर टेकवली आणि थांबली.

मग तिने कात्री रेघेच्या दोन बोटं पुढे सरकवली आणि तिथे कापलं.

कापडाची घडी, पंखाच्या मापाचे खाकी कागदाचे नमुने आणि माझ्या शिवणाच्या डब्यातल्या दोन सुया तिने डाव्या पंखाखाली नीट बसवल्या. राव सरांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "मुक्ता, ये लिस्ट में नहीं है."

"मार्जिन है सर," ती म्हणाली. "उधर ढीला पडा तो लगेगा."

राव सरांनी यादीची घडी करून खिशात ठेवली, आणि दोघांनी मिळून पेटीचं झाकण लावलं.